विश्लेषण : पिस्तुलाची सुरक्षा खटक्यात की बोटात? 'प्लास्टिक' पिस्तुलांच्या स्पर्धेचा अर्थ काय?

अक्कलकुव्याहून अंकलेश्वरच्या दिशेने निघाले की महाराष्ट्राची हद्द संपण्याआधी लागणारे बाजाराचे मोठे गाव म्हणजे खापर. पुढे काही किलोमीटरवर गुजरात सुरू होतो. निवडणूक असो, सण असो की दारूची चोरटी वाहतूक रोखायची असो, या रस्त्यावर नाकाबंदी ठरलेली. नाक्यावरच्या अधिकाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असते. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक तरुण-तरुणी पोलीस भरतीची तयारी करतात, त्यातल्या काहींच्या कमरेलाही उद्या ते येईल. जगभरातल्या पोलीस दलांनी गेल्या चाळीस वर्षांत पोलादी सांगाड्याची पिस्तुले बाजूला ठेवून पॉलिमरच्या, म्हणजे बोलीभाषेत 'प्लास्टिक'च्या सांगाड्याची पिस्तुले घेतली. ग्लॉक, स्मिथ अँड वेसन, सिग, मसाडा ही त्यातली मोठी नावे. वरवर सारखीच दिसणारी ही पिस्तुले आतून एका कळीच्या प्रश्नावर वेगळी होतात. चुकून गोळी सुटू नये याची जबाबदारी यंत्रावर टाकायची की माणसावर?

'प्लास्टिकचे पिस्तूल' म्हणजे नेमके काय?

पूर्ण प्लास्टिकचे पिस्तूल पोलीस वापरत नाहीत. ज्या नळीतून गोळी सुटते ती पोलादी असते. नळीवर पुढे-मागे सरकणारी स्लाइड, फायरिंग पिन आणि स्प्रिंगाही धातूच्याच असतात. पॉलिमरचा असतो तो खालचा सांगाडा, म्हणजे मूठ, चापाभोवतीचे कडे आणि स्लाइड ज्यावर बसते तो भाग. स्लाइडच्या घर्षणाने पॉलिमर झिजू नये म्हणून त्यात पोलादी पट्ट्या साच्यातच बसवलेल्या असतात.

शेतातल्या फवारणी पंपाचे उदाहरण घेता येईल. पूर्वी पाठीवरचा पंप पितळी होता, नंतर प्लास्टिकचा आला. टाकी प्लास्टिकची झाली, पण जिथे दाब येतो तिथे धातू राहिला. पाठीवरचे ओझे मात्र निम्म्यावर आले. पिस्तुलाच्या बाबतीतही हेच घडले. हे पॉलिमर घरातल्या बादलीचे प्लास्टिक नसते. ते नायलॉनच्या जातीचे, बहुतेकदा काचतंतू मिसळून मजबूत केलेले असते. ते गंजत नाही, घामाने खराब होत नाही आणि साच्यातून झटपट निघत असल्याने स्वस्त पडते. सैन्याला आणि पोलिसांना हजारोंच्या संख्येने शस्त्रे घ्यायची असतात. त्यामुळे हा शेवटचा मुद्दा पहिल्या दोन मुद्द्यांइतकाच महत्त्वाचा ठरला.

ही कल्पना कोणाची?

अनेकांना वाटते तशी ती ग्लॉकची नाही. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने १९७० मध्ये व्हीपी-७० हे पॉलिमर सांगाड्याचे पिस्तूल बाजारात आणले होते. पण त्याचा चाप फार जड होता आणि ते फारसे चालले नाही. खरा बदल ऑस्ट्रियातून आला. तिथल्या सैन्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली वॉल्थर पी-३८ पिस्तुले बदलायची होती. गॅस्टन ग्लॉक यांचा कारखाना तोवर पडद्यांचे दांडे, सैन्यासाठी चाकू आणि खंदक खोदण्याची फावडी बनवत असे. पिस्तूल त्यांनी कधी बनवले नव्हते, पण प्लास्टिकच्या साच्याचे काम त्यांना ठाऊक होते. त्यांनी जाणकारांना बोलावून 'तुम्हाला पिस्तुलात काय हवे' हे विचारून घेतले आणि रचना कोऱ्या पाटीवर मांडली. ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ मध्ये ती स्वीकारली. हेच ग्लॉक १७. हा १७ चा आकडा कंपनीच्या सतराव्या पेटंटवरून आला. मॅगझिनमध्ये १७ गोळ्या बसतात हा योगायोग. गॅस्टन ग्लॉक यांचे डिसेंबर २०२३ मध्ये निधन झाले.

अमेरिकेत हे पिस्तूल पोहोचताच 'विमानतळाच्या एक्स-रे यंत्राला न दिसणारी बंदूक' अशी आवई उठली. १९९० च्या 'डाय हार्ड २' या चित्रपटाने त्या समजुतीला आणखी हवा दिली. प्रत्यक्षात ग्लॉकच्या वजनातला मोठा हिस्सा पोलादाचा असल्याने ते यंत्रात स्पष्ट दिसते. मात्र या वादातून अमेरिकेत १९८८ मध्ये शोधयंत्राला न सापडणाऱ्या शस्त्रांवर बंदी घालणारा कायदा झाला.

आपल्याकडचे ९ एमएम कसे वेगळे?

भारतीय सैन्य आणि पोलिसांकडे अनेक दशके असलेले 'पिस्तूल ऑटो ९ एमएम १ ए' पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होते. ते १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवर या बेल्जियन पिस्तुलाच्या धर्तीवर आहे. सांगाडा पूर्ण पोलादी, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, मागे बाहेर दिसणारा घोडा आणि डाव्या बाजूला अंगठ्याने वर-खाली करायचा सुरक्षा खटका.

ते चालवण्याची रीतही वेगळी आहे. पहिली गोळी झाडण्याआधी घोडा मागे ताणलेला असावा लागतो. त्यामुळे नळीत काडतूस आणि घोडा ताणलेला अशा अवस्थेत पिस्तूल बाळगायचे तर सुरक्षा खटका लावलेला हवा. तसे नको असेल तर नळी रिकामी ठेवायची आणि गरज पडल्यावर स्लाइड ओढून काडतूस चढवायचे. त्यासाठी दोन हात आणि काही क्षण लागतात. धोका समोर असताना ते क्षण मोठे वाटतात, तर एरवी दिवसभर तीच रिकामी नळी अपघात टाळते.

वजनातला फरकही पाहावा. हाय-पॉवर जातीचे पिस्तूल रिकामे असतानाच सुमारे ९०० ग्रॅमचे भरते. ग्लॉक १७ मॅगझिनशिवाय सुमारे ६३० ग्रॅमचे आहे. १७ गोळ्यांचे मॅगझिन लावल्यावर ते जवळपास जुन्या रिकाम्या पिस्तुलाइतके होते. बारा-चौदा तास बंदोबस्तात उभ्या असलेल्या माणसाच्या कंबरेला हा फरक जाणवतो.

घोडा गेला, स्ट्रायकर आला. त्याने काय बदलले?

नव्या पिस्तुलांपैकी बहुतेकांना बाहेर दिसणारा घोडा नसतो. स्लाइडच्या आत स्प्रिंगवर ताणलेली एक पिन असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. चाप ओढला की ती सुटते आणि काडतुसाच्या बुडावर आदळते.

मुलांच्या गलोलीवरून हे समजायला सोपे जाते. गलोलीचे रबर जरासे ओढून धरले आणि चुकून सुटले, तर खडा फारसा लांब जात नाही. पूर्ण ताणून धरले तर निसटताच खडा जोरात सुटतो. काही पिस्तुलांत स्ट्रायकर बाळगताना अर्धवट ताणलेला असतो आणि उरलेला ताण चाप ओढताना दिला जातो. काहींत तो जवळपास पूर्ण ताणलेलाच असतो. पहिल्या प्रकारात चाप थोडा लांब आणि जड वाटतो. दुसऱ्यात तो हलका आणि कुरकुरीत वाटतो, नेमबाजी सोपी होते, पण सुरक्षेचा सगळा भार आतल्या अडसरांवर येतो. पॉलिमर पिस्तुलांच्या कंपन्यांची खरी स्पर्धा इथे आहे.

ग्लॉकची रचना काय सांगते?

ग्लॉकला अंगठ्याने लावायचा सुरक्षा खटका नाही. त्याऐवजी तीन अडसर आतच आहेत. पहिला अडसर चापाच्या मधोमध असलेल्या छोट्या पात्याचा. बोट चापावर नीट बसले तरच ते दबते आणि चाप हलतो. दुसरा पिनला अडवणारा, जो चाप मागे येईपर्यंत पिनला पुढे जाऊ देत नाही. तिसरा पिस्तूल खाली पडल्यावर स्ट्रायकर निसटू न देणारा. चाप ओढताच तिन्ही ओळीने मोकळे होतात, सोडताच पुन्हा बसतात. पोलिसाला वेगळे काही लक्षात ठेवावे लागत नाही.

हीच त्याची ताकद आहे आणि हीच मर्यादाही. पिस्तूल पडले, आपटले, धक्का बसला तर ही रचना सावरते. पण चापावर बोट गेले, किंवा होल्स्टरमध्ये खोचताना कपड्याचे टोक चापात अडकले, तर तिला त्यातला फरक कळत नाही. आणखी एक बाब सफाईची. ग्लॉक उघडताना आधी चाप ओढावा लागतो. नळी रिकामी आहे याची खात्री न करता कोणी चाप ओढला तर गोळी सुटते. पिस्तुलाने दिलेला आदेश पाळलेला असतो, चूक आदेश देणाऱ्याची असते.

या मर्यादेची किंमत अमेरिकेच्या राजधानीने मोजली. वॉशिंग्टनच्या पोलीस दलाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्लॉक घेतले. १९९८ मध्ये तिथल्या एका दैनिकाच्या शोधमालिकेने दाखवून दिले की, दहा वर्षांत या पिस्तुलातून चुकून गोळी सुटण्याचे १२० हून अधिक प्रकार घडले होते. त्याच काळात दलात घाईघाईने मोठी भरती झाली होती आणि सरावाकडे दुर्लक्ष झाले होते. न्यूयॉर्क पोलिसांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी ग्लॉकचा चाप मुद्दाम जड करून घेतला, सुमारे १२ पौंड म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. अपघाताची शक्यता घटते, पण एवढा जड चाप ओढताना नेम हलतो आणि गर्दीच्या शहरात हुकलेली गोळी कुणाला तरी लागू शकते. म्हणजे एक धोका कमी करताना दुसरा वाढतो.

स्मिथ अँड वेसनने काय वेगळे केले?

अमेरिकेची ही जुनी कंपनी रिव्हॉल्व्हरसाठी ओळखली जायची. ग्लॉकने पोलिसांची बाजारपेठ खेचून नेल्यावर तिने १९९४ मध्ये सिग्मा नावाचे पॉलिमर पिस्तूल काढले. ते ग्लॉकशी इतके मिळतेजुळते होते की ग्लॉकने पेटंटभंगाचा दावा ठोकला आणि १९९७ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर २००५ मध्ये कंपनीने 'एम अँड पी', म्हणजे 'लष्कर आणि पोलीस' या नावाची नवी मालिका आणली.

यात तीन फरक लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला मुठीचा. ग्लॉकच्या मुठीचा कल जास्त तिरका आहे. काहींच्या हातात त्यामुळे नळीचे तोंड किंचित वर राहते. एम अँड पीचा कल अधिक सरळ आहे आणि मुठीच्या मागचे कवच वेगवेगळ्या जाडीत मिळते. दुसरा फरक आतल्या पोलादी चौकटीचा, जी पॉलिमरला ताठ ठेवते. तिसरा सफाईचा. हे पिस्तूल उघडण्यासाठी चाप ओढावा लागत नाही, आतली एक छोटी कळ फिरवून काम होते. शिवाय ज्या दलाला हवा असेल त्याला अंगठ्याचा सुरक्षा खटका लावूनही हे पिस्तूल मिळते. ग्लॉकचा 'खटका नकोच' हा हट्ट इथे सैल झाला.

सिग पी-३२० वरून एवढा वाद का?

सिगची कल्पना सर्वांत धाडसी होती. २०१४ मध्ये आलेल्या पी-३२० मध्ये चाप आणि त्यामागची सगळी यंत्रणा एका छोट्या पोलादी चौकटीत बसवलेली आहे. कायद्याच्या दृष्टीने तीच चौकट म्हणजे पिस्तूल, क्रमांक तिच्यावरच असतो. पॉलिमरची मूठ हे निव्वळ कवच. घरातल्या मिक्सरची मोटर एकच आणि चटणीचे, वाटणाचे, रसाचे भांडे वेगळे, तसाच हा प्रकार. लहान हाताला लहान मूठ, मोठ्याला मोठी, यंत्रणा तीच.

अमेरिकी सैन्याला १९८५ पासून वापरात असलेले धातूच्या सांगाड्याचे बेरेटा एम-९ बदलायचे होते. जानेवारी २०१७ मध्ये पी-३२० ची निवड झाली आणि ते एम-१७ व एम-१८ या नावांनी सैन्यात आले. ग्लॉकने या निर्णयाला आव्हान दिले, पण जूनमध्ये ते फेटाळले गेले. त्या निकालातून कळले की सिगची मूल्यांकित किंमत १६ कोटी ९५ लाख डॉलर होती, तर ग्लॉकची २७ कोटी २२ लाख. शस्त्रखरेदीत रचनेइतकेच दरपत्रकही बोलते, याचे हे ठळक उदाहरण.

पण त्याच वर्षी धक्का बसला. पी-३२० च्या नागरी आवृत्तीचे पिस्तूल विशिष्ट कोनात पडल्यास चाप न ओढताही गोळी सुटू शकते, असे चाचण्यांत दिसले. जड चाप स्वतःच्या वजनाने, पडण्याच्या झटक्यात मागे सरकत होता. ग्लॉकच्या चापातले छोटे पाते नेमके हेच रोखण्यासाठी असते आणि ते इथे नव्हते. कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये हलका चाप आणि आतले काही भाग बदलून देण्याची योजना जाहीर केली. त्यानंतरही चाप न ओढता गोळी सुटल्याचे दावे अमेरिकी न्यायालयांत गेले. चाप ओढल्याशिवाय पिस्तूल झाडले जात नाही, अशी कंपनीची भूमिका आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एका विभागाने, तळावर एका जवानाचा मृत्यू झाल्यानंतर, एम-१८ चा वापर थांबवला. त्या प्रकरणात पुढे दुसऱ्या एका कर्मचाऱ्याला अटक झाली आणि तपासण्यांनंतर पिस्तुले पुन्हा वापरात आली.

पी-३२० चे सैनिकी रूप अंगठ्याच्या सुरक्षा खटक्यासह आहे. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी ग्लॉकने जो खटका काढून टाकला तो जगातल्या सर्वांत मोठ्या सैन्यांपैकी एकाने पुन्हा मागून घेतला.

भारतात यातले काय आहे?

राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो ग्लॉक वापरतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात पोलिसांच्या शस्त्रांचा प्रश्न ऐरणीवर आला. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची एके-४७ पकडली तेव्हा त्यांच्या हाती लाठी होती. त्यानंतर महाराष्ट्राने 'फोर्स वन' हे विशेष दल उभारले आणि मुंबई पोलिसांसाठी आधुनिक शस्त्रे खरेदी झाली. मात्र विशेष दलाच्या हाती नवे शस्त्र येणे आणि तालुक्याच्या ठाण्यात ते पोहोचणे यांत मोठे अंतर असते.

देशातच पॉलिमर पिस्तूल बनण्याची सुरुवातही झाली आहे. इस्रायलच्या आयडब्ल्यूआय कंपनीचे मसाडा पिस्तूल मध्य प्रदेशात ग्वाल्हेरजवळ मालनपूर येथील पीएलआर सिस्टिम्सच्या कारखान्यात तयार होते. या कंपनीत २०२० मध्ये अदानी समूहाने बहुमताचा हिस्सा घेतला. मसाडाने वरच्या तिघांकडून शिकून घेतल्याचे दिसते. चापात ग्लॉकसारखे छोटे पाते, आत सिगसारखी वेगळी निघणारी चौकट, मुठीमागे बदलता येणारी कवचे आणि डावखुऱ्यालाही तितक्याच सहज वापरता येतील अशा दोन्ही बाजूंच्या कळा. गोळ्या १७. नव्याने येणाऱ्याला आधीच्यांच्या चुका फुकट मिळतात, हा त्याचा फायदा.

पुण्याचे 'अस्मी' या रांगेत बसते का?

थेट नाही, पण नाते आहे. पुण्यात पाषाण येथे डीआरडीओची शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था आहे. या संस्थेने आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलने मिळून 'अस्मी' हे ९ एमएम मशीन पिस्तूल तयार केले, त्याची घोषणा जानेवारी २०२१ मध्ये झाली. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचा त्याच्या रचनेत प्रमुख वाटा. काम चार महिन्यांत पूर्ण झाल्याचे आणि एका नगाचा उत्पादनखर्च ५० हजार रुपयांच्या आत राहील असे तेव्हा सांगण्यात आले.

अस्मीचा वरचा भाग विमानात वापरल्या जाणाऱ्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, तर खालचा कार्बन फायबरचा आहे. चापाचे काही भाग धातूच्या त्रिमितीय छपाईतून घडवले गेले. पॉलिमर पिस्तुलांमागचाच विचार इथेही आहे. जिथे स्फोटाचा दाब येतो तिथे धातू आणि जिथे हात धरतो तिथे हलका पदार्थ. मात्र अस्मी सलग गोळीबार करू शकणारे, लांब नळीचे शस्त्र आहे. ते रणगाड्यातील, हेलिकॉप्टरमधील किंवा जवळच्या चकमकीतील जवानासाठी आहे, ठाण्यातील अंमलदाराच्या कमरेसाठी नाही. हैदराबादच्या लोकेश मशीन्स कंपनीला २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर कमांडकडून अशा ५५० शस्त्रांची मागणी मिळाली.

हाताच्या आकाराला एवढे महत्त्व का?

महाराष्ट्र पोलीस भरतीत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. जुन्या पिस्तुलांची मूठ मात्र एकाच मापाची असते. मूठ जाड असेल तर लहान हाताचे बोट चापापर्यंत नीट पोहोचत नाही. मग पिस्तूल हातात किंचित फिरवून धरावे लागते, धक्का तळहाताऐवजी अंगठ्याच्या बुडाशी बसतो आणि नेम चुकतो. सरावात असा उमेदवार 'कच्चा' ठरतो, प्रत्यक्षात कच्ची असते ती मापाची निवड.

वॉल्थर कंपनीच्या पी-९९ ने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुठीचे बदलते कवच रुळवले. ग्लॉकने ते २०१० मधल्या चौथ्या पिढीत स्वीकारले. पाचव्या पिढीत, २०१७ मध्ये, बोटांसाठीच्या ठरावीक खाचाही काढून टाकल्या, कारण सगळ्यांची बोटे एका खाचेत बसत नाहीत हे उशिरा का होईना पटले. पॉलिमरचा सर्वांत मोठा लाभ कदाचित हाच आहे. पोलादाला अशी मापे देणे महाग पडते, साच्यातून निघणाऱ्या कवचाला काही शे रुपयेही जड नाहीत.

सातपुड्याच्या हवेत कोणते टिकेल?

नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो, पावसाळ्यात सातपुड्याच्या कुशीतली गावे दिवसेंदिवस भिजत राहतात. घाम आणि ओल पोलादाचे शत्रू. पॉलिमर सांगाडा गंजत नाही आणि उन्हात तापलेल्या लोखंडासारखा हाताला चटका देत नाही. पण म्हणून पिस्तुलाला तेलपाणी नको असे नाही. नळी, स्प्रिंगा आणि मॅगझिनची तोंडे धातूचीच असतात. ओले मॅगझिन तसेच ठेवले, स्प्रिंग गंजली, तर गोळी वर चढत नाही. या बाबतीत ग्लॉक, एम अँड पी, सिग की मसाडा याने फारसा फरक पडत नाही. पुसणाऱ्या हाताने पडतो.

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. ही चारही पिस्तुले ९ एमएम काडतुसावर चालतात आणि तेच काडतूस आपल्या दलांत आधीपासून आहे. पिस्तूल बदलले तरी दारूगोळ्याची साखळी बदलावी लागत नाही. सरावासाठी किती गोळ्या मिळतात हा मात्र वेगळा विषय आहे आणि तो पिस्तुलाच्या नाममुद्रेपेक्षा मोठा आहे.

गावठी कट्ट्याशी तुलना होऊ शकते का?

खानदेशात पिस्तुलाची बातमी बहुतेकदा येते ती 'गावठी कट्टा जप्त' अशी. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टीचे नाव महाराष्ट्र पोलिसांच्या कारवायांत वारंवार आले आहे. बाहेरून कंपनीच्या पिस्तुलासारखे दिसणारे आणि नक्कल केलेले शिक्के मारलेले हे शस्त्र आतून पूर्ण वेगळे असते.

वर सांगितलेले अडसर, म्हणजे चापातले पाते, पिनचा अडथळा, पडल्यावर निसटू न देणारी खाच, हे सगळे मिलिमीटरच्या बारीक हिशेबाने बसवावे लागतात. ठरलेल्या दर्जाचे पोलाद लागते, त्याची उष्णता-प्रक्रिया लागते, दाबाची चाचणी लागते. कट्ट्यात यातले काहीच नसते. नळी फुटली तर चालवणाऱ्याचाच पंजा जातो, खिशात असताना धक्का बसला तरी गोळी सुटू शकते. कायद्याचाही प्रश्न आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमाखाली विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान दोन वर्षांची, तर विनापरवाना शस्त्रनिर्मिती किंवा विक्रीसाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. समाजमाध्यमावर 'भाईगिरी'चा फोटो टाकण्यासाठी कट्टा हाती घेणाऱ्या तरुणाला यातले दोन्ही धोके ठाऊक नसतात.

परवाना असलेल्या नागरिकाला ही पिस्तुले घेता येतात का?

९ एमएम हे काडतूस भारतात सामान्य परवानाधारकासाठी प्रतिबंधित गटात येते. त्यामुळे पोलीस आणि सैन्य वापरतात ती ही पिस्तुले नागरिकाला सहसा मिळत नाहीत. परवानाधारकांकडे प्रामुख्याने .३२ बोअरची पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर दिसतात, त्यांतली बरीचशी सरकारी आयुध कारखान्यांतली. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली.

मग सर्वांत चांगले पिस्तूल कोणते?

कागदावर उत्तर देता येते. कमी भाग आणि साधेपणा हवा तर ग्लॉक, चाप न ओढता सफाई आणि सरळ मूठ हवी तर एम अँड पी, एकाच यंत्रणेला अनेक मापे हवीत तर सिग, देशात बनलेले आणि डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सोयीचे हवे तर मसाडा. पण चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो की ही यादी दुय्यम आहे. वॉशिंग्टनमध्ये पिस्तूल चांगले होते, सराव कमी पडला. पी-३२० मध्ये चाप हलका आणि अचूक होता, पडण्याच्या कोनाचा हिशेब राहून गेला.

जुन्या ९ एमएमची सवय असलेल्या हातात उद्या खटका नसलेले पिस्तूल आले, तर अंगठा नसलेला खटका शोधत राहील आणि बोट चापावर विसावेल. म्हणून शस्त्र बदलताना पिस्तुलांच्या दरपत्रकाशेजारी चार गोष्टींचा खर्च मांडावा लागतो. चाप पूर्ण झाकणारे ताठ होल्स्टर, प्रत्येक हाताच्या मापाची मूठ, ठाण्यात पिस्तूल रिकामे करताना नळी रोखायला वाळूची पेटी आणि वर्षातून एकदा नव्हे तर नियमित होणारा गोळीबाराचा सराव. खापरच्या नाक्यावर रात्री दुचाकीस्वाराला थांबवणारा पोलीस आणि तो दुचाकीस्वार, दोघांची सुरक्षा या चार गोष्टींवर अवलंबून आहे. झाडायचे ठरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे, हा अडसर मात्र कोणत्याही कारखान्यात बनत नाही.